गावच्या कपाटापासून निघालेलं शास्त्र

पहिल्या तासाला मी नेहमी बडोद्यापासून सुरुवात करायची. ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आपल्याकडच्या शिक्षणाचा इतिहास पान-दीड पानात उरकलेला असतो: १९११ बडोदा, १९१५ लाहोर, १९२९ मद्रास, मग एकामागून एक विद्यापीठं. मुलं ते पाठ करतात आणि ‘टीप लिहा’ म्हटलं की लिहून मोकळी होतात. मी मात्र बडोद्याला दोन तास द्यायची. अभ्यासक्रम मागे पडेल असं सहकारी म्हणायचे, आणि ते काळजीपोटीच म्हणायचे. पण आपलं हे शास्त्र कुणासाठी सुरू झालं, हे बडोद्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं पुढे कुठेच दिसत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याला गेला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षरओळख त्याला राजवाड्यात, इतरांच्या मानाने खूप उशिरा झाली. तेच पुढे सयाजीराव गायकवाड. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ पासून ते संस्थानभर लागू केलं. हे बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढचा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला होता. चौथीपर्यंत शिकून नांगराला जुंपलेला पोरगा पुढे वाचणार काय? गावात छापील कागद नसेल तर दोन-चार वर्षांत तो शिकलेलं विसरणार आणि शाळेवर केलेला सगळा खर्च पाण्यात जाणार. सयाजीरावांनी ग्रंथालयाकडे या हिशेबाने पाहिलं. त्यांच्या लेखी ती शाळेचीच पुढची इयत्ता होती.

१९०६ साली ते अमेरिकेत गेले आणि तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी डोळसपणे पाहिली. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन गावी यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल होते विल्यम ॲलन्सन बॉर्डन. वर्गीकरणात स्वतःची पद्धत उभी करणाऱ्या चार्ल्स ॲमी कटर यांच्या हाताखाली त्यांनी बॉस्टनला काम केलेलं. महाराजांनी त्यांना बोलावलं. १९१० साली ते बडोद्याला आले आणि १९१३ पर्यंत राहिले. महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यातला आपला खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला होता. बॉर्डननी ड्युई आणि कटर या दोघांच्या पद्धतींतून बडोद्यापुरती वेगळी वर्गीकरणपद्धती तयार केली, आणि १९११ साली ग्रंथालयाच्या कामाचं शिक्षण देणारा वर्ग काढला. देशातला पहिला वर्ग म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो हाच.

या वर्गामागे जो पसारा उभा राहत होता तो लक्षात घ्या. गाव, कसबा आणि प्रांत अशा पायऱ्यांनी वाचनालयं निघत होती. पैशाचं सूत्र सरळ होतं. गावाने वर्षाला जेवढी वर्गणी जमवायची तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. गावापुरती मर्यादा शंभर रुपयांची. म्हणजे पहिलं पाऊल गावाचं, आणि ते पडलं की रक्कम तिप्पट. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जायच्या आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च संस्थानाचं ग्रंथालय खातं सोसायचं. निरक्षरांसाठी मॅजिक लँटर्नची चित्रं आणि पुढे सिनेमा दाखवणारी स्वतंत्र शाखा होती. मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. या कामात मोतीभाई अमीन नावाचे एक शाळामास्तर होते. संस्थानाचं खातं निघण्याआधीच त्यांनी आपल्या मित्रमंडळांमार्फत गुजरातच्या खेड्यांत वाचनालयं काढली होती. त्यांच्यासारख्या माणसाचा अनुभव हाताशी होता म्हणून बॉर्डनची अमेरिकन शिस्त गुजरातच्या मातीत रुजली, असं मी मानते. नुसत्या परदेशी तज्ज्ञाच्या बळावर हे झालं नसतं.

बॉर्डन परत गेल्यावर खात्याची सूत्रं आली जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे. महाराजांबरोबर प्रवास करून त्यांनी युरोप-अमेरिकेतली ग्रंथालयं पाहिली होती. १९१९ साली त्यांनी बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचं म्हणजे १९१२ साली बडोद्याहून निघालेलं ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तिन्ही भाषांतले मजकूर असत. ग्रंथालयाच्या कामावरचं नियतकालिक, त्या काळात आणि त्यात मराठी! प्रशिक्षण घेणारा माणूस खेड्यात जाऊन काम करणार, तर त्याला त्याच्या भाषेत वाचायला मिळालं पाहिजे, हे तिथे गृहीतच धरलेलं होतं. हे मी वर्गात सांगायची तेव्हा मुलं वहीतून मान वर करायची.

लाहोरला फार वेळ देण्याची गरज नाही. मेल्विल ड्युईंचे शिष्य एसा डॉन डिकिन्सन १९१५ साली पंजाब विद्यापीठात आले, त्यांनी वर्ग घेतला आणि पुढच्याच वर्षी ‘पंजाब लायब्ररी प्रायमर’ हे पुस्तक लिहिलं. इथून ग्रंथालयाचं शिक्षण विद्यापीठाच्या आवारात गेलं. पुढे मुख्य प्रवाह तिथूनच वाहिला.

आणि मग रंगनाथन. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि कामाला इतके कंटाळले की परत गणिताकडे पाठवा म्हणाले. त्यांना शिक्षणासाठी लंडनला पाठवण्यात आलं. तिथे बर्विक सेयर्स यांच्याकडे शिकताना आणि ग्रंथालयं पाहत हिंडताना त्यांचं मन बदललं. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा संच पाहिला. पट्ट्या आणि नटबोल्ट तेच, जोडणी बदलली की खेळणं नवं. विषयाचे घटक सुटे करून चिन्हांनी जोडायची कल्पना तिथून आली, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. १९२८ साली मद्रास ग्रंथालय संघ निघाला आणि १९२९ साली संघाने उन्हाळी वर्ग सुरू केला. १९३१ पासून तो विद्यापीठाने चालवला. त्याच वर्षी रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत पुस्तकरूपाने आले आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण.

द्विबिंदूचं नाव काढलं की माझ्या पिढीतल्या ग्रंथपालांना प्रात्यक्षिकाची परीक्षा आठवते. टेबलावर शीर्षकांचा कागद, हातात वर्गीकरणाचं पुस्तक आणि घड्याळाकडे लक्ष. एक उदाहरण तर प्रत्येकाने गिरवलेलं: भारतात १९५० च्या दशकात क्ष-किरणांनी फुप्फुसांच्या क्षयावर उपचार करण्याबाबतचं संशोधन. ‘एल’ म्हणजे वैद्यक, ४५ फुप्फुसं, ४२१ क्षय, ६ उपचार, २५३ क्ष-किरण, ‘एफ’ संशोधन, ४४ भारत, ‘एन५’ म्हणजे १९५० चं दशक. मध्ये स्वल्पविराम, अर्धविराम, द्विबिंदू, टिंब, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. जुळलं की अख्खं वाक्य एका ओळीच्या आकड्यात उभं राहायचं आणि ज्याला वाचता येतं त्याला ते पुस्तक न उघडता कळायचं.

मला स्वतःला त्याहून आवडायचा तो साहित्याचा वर्ग. ड्युईंच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे. भारतातल्या आर्यकुळातल्या बहुतेक सगळ्या भाषा एका दशांशाच्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसवलेल्या. रंगनाथन यांनी मराठीला १५५ दिलं. ‘ओ’ म्हणजे साहित्य, ‘ओ१५५’ मराठी साहित्य, पुढे १ काव्य, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. त्यानंतर लेखकाचं जन्मवर्ष. ‘एम’ म्हणजे अठराशेचं शतक. वि. स. खांडेकर १८९८ चे, म्हणून ‘ओ१५५,३एम९८’. हरिभाऊ आपटे १८६४ चे, ‘एम६४’. शेक्सपिअर १५६४ चा, म्हणून तिकडे इंग्रजी नाटकात ‘जे६४’. हे जुळल्यावर वर्गात कुणी तरी हमखास हसायचं.

पण गंमत पुढेच आहे. खांडेकर, आपटे सोपे. शेल्फावरचं पुढचं पुस्तक कुणा विस्मृतीत गेलेल्या कादंबरीकाराचं असेल तर? त्याचं जन्मवर्ष कुठे मिळणार? शोधा. प्रस्तावना वाचा, जुन्या मासिकांतले मृत्युलेख चाळा, त्याच्या गावच्या वाचनालयाला पोस्टकार्ड टाका. एका वर्गांकापायी मी अशी कितीतरी पत्रं लिहिली असतील आणि त्यांतली बरीच उत्तरं आली. एका वृद्ध गृहस्थांनी तर वडिलांची पत्रिकाच नकलून पाठवली होती. संशोधन म्हणजे काय हे मला कुठल्याही पद्धतिशास्त्राच्या पेपरने शिकवलं नाही. ते या जन्मवर्षांनी शिकवलं.

मुंबई इलाख्यात सरकारने लक्ष घातलं ते १९३९ मध्ये. लॉ कॉलेजचे प्राचार्य आसफ अली असगर फैझी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९४० साली तिने अहवाल दिला: वर मध्यवर्ती ग्रंथालय, खाली विभागीय, जिल्हा, तालुका अशा टप्प्यांनी गावापर्यंत. युद्ध आणि पैसा या दोन कारणांनी त्यातलं थोडंच, तेही १९४७ च्या आसपास सुरू झालं. कोल्हापूर संस्थानाने मात्र १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा केला होता. मुंबई विद्यापीठाचा पदविका वर्ग १९४० च्या दशकातला. विद्यापीठाचे ग्रंथपाल पु. म. जोशी हे इतिहासाचे मोठे अभ्यासक. त्यांच्यामागून आलेले दारा मार्शल यांनी मोगलकालीन साधनांची इंग्रजी सूची केली, ती आजही अभ्यासक उघडतात. पुढे नागपूर, पुणे इथेही वर्ग निघाले आणि १९६१ साली एसएनडीटी महिला विद्यापीठात. या शेवटच्या वर्गाने घरोघरीच्या पदवीधर मुलींना एक सन्मानाचं काम दिलं. मुंबईतल्या कितीतरी कॉलेजांची ग्रंथालयं पुढे त्यांनी सांभाळली. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाचे ग्रंथपाल पारखी यांनी दशांश आणि द्विबिंदू या दोन पद्धतींची तुलना करणारं पुस्तक लिहिलं. तेव्हाच्या ग्रंथपालाला आपल्या कामावर पुस्तक लिहावंसं वाटायचं.

१९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. या कायद्यात ग्रंथालय-कर नाही. सरकार स्वतः गावोगाव ग्रंथालयं काढत नाही; लोकांनी काढलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान देतं. त्यावर टीका खूप झाली आणि ती योग्यही आहे, कारण अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाच्या सेवकाला पोटापुरतं कधी मिळालं नाही. पण रत्नागिरीला १८२८ पासून, नगरला १८३८ पासून, नाशिकला १८४० पासून आणि पुण्याला १८४८ पासून लोकांनी स्वतः वर्गणी काढून जी वाचनालयं चालवली, तो धागा या कायद्याने तुटू दिला नाही, हेही खरं. अशी अनुदानित ग्रंथालयं राज्यात हजारोंच्या संख्येने आहेत.

एवढ्या वाचनालयांना माणसं लागणार. म्हणून प्रमाणपत्र वर्ग आला. मी १९७४ साली एका तालुक्याच्या गावी नगर वाचनालयात साहाय्यक म्हणून लागले आणि पुढच्याच उन्हाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी हा वर्ग केला. जिल्हा ग्रंथालयाच्या दिवाणखान्यात सतरंज्या, समोर फळा, वर एक पंखा. विद्यार्थी म्हणजे खेड्यांतले ग्रंथपाल: दोन प्राथमिक शिक्षक, एक पोस्टमन, एक निवृत्त तलाठी, किराणा दुकान सांभाळून वाचनालय उघडणारा एक तरुण, आणि आम्ही चार बायका. सगळं मराठीत. दाखल रजिस्टरात पुस्तक कसं चढवायचं, शिक्का कुठल्या पानावर मारायचा, पुस्तकाच्या आतला खिसा कसा चिकटवायचा, देवघेवीच्या वेळी पुस्तकाचं कार्ड वाचकाच्या खिशात कसं घालायचं. खळीत मोरचूद घातला की कसर लागत नाही, हे तिथे शिकलेलं मी पुढे एम.लिब. झाल्यावरही वापरत राहिले.

तिथले प्रश्न ऐकण्यासारखे असायचे. पोस्टमननी विचारलं, पोथ्या पुस्तकांत मोजायच्या की नाही? बायका त्या मागून नेतात, महिनाभर घरी ठेवतात, तर नियमाप्रमाणे दंड लावायचा का? तलाठ्यांनी विचारलं, सरपंच पुस्तक परत करत नाहीत, त्यांच्याकडे मागायचं कसं? आमचे शिक्षक एका जुन्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. ते म्हणाले, “अहो, सरपंचांच्या घरी त्यांच्या आईसाहेबांना नेमाने पुस्तक पोचवा. त्याच मागचं परत पाठवतील.” या एका उत्तरात वाचकसेवेचा अख्खा पेपर होता.

पुढे मी पुण्याला पदवी केली, नोकरी सांभाळून पदव्युत्तर केलं आणि एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयशास्त्र विभागात शिकवायला लागले, तेव्हा फरक लख्ख दिसला. प्रमाणपत्र मराठीत, पदवी इंग्रजीत. प्रमाणपत्राचा माणूस खेड्यात, पदवीचा माणूस कॉलेजात किंवा कंपनीत. एकाला सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे रोजचं काम, दुसऱ्याला तो शंभर मार्कांचा एक ऐच्छिक विषय. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या समितीचा १९६५ चा अहवाल घ्या की २००१ चा आदर्श अभ्यासक्रम. विद्यापीठीय शिक्षण त्यांनी नीटनेटकं केलं, त्याबद्दल ऋण आहेच. पण बडोद्यात जे एकाच वर्गात होतं, ते आता दोन वेगळ्या जिन्यांवर होतं आणि हे जिने एकमेकांना कुठे भेटत नव्हते.

संशोधनाचीही तीच कथा. ग्रंथालयशास्त्रातली देशातली पहिली पीएच.डी. दिल्ली विद्यापीठाने डी. बी. कृष्णराव यांना १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिली. मार्गदर्शक रंगनाथन, विषय शेतीविषयक ज्ञानाचं सखोल वर्गीकरण. शेतीप्रधान देशातल्या पहिल्या प्रबंधाला याहून योग्य विषय कोणता असता! त्यानंतरची दुसरी पीएच.डी. मिळाली ती चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात, १९७७ साली. मधली जवळजवळ वीस वर्षं एकही नाही. विभाग निघत होते, पदव्या मिळत होत्या, पण मार्गदर्शक व्हायला मुळात पीएच.डी. झालेलं माणूस हवं आणि तेच नव्हतं. रंगनाथन यांनी बंगळूरला १९६२ साली प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र काढलं, तिथे वर्गीकरणावर जगाने दखल घ्यावी असं काम झालं. मापनाची कल्पनाही त्यांची जुनी. १९४८ साली इंग्लंडमध्ये लेमिंग्टन स्पा इथल्या परिषदेत त्यांनी ‘लायब्रमेट्री’ सुचवली होती: ग्रंथालयाच्या कामाला गणित लावा. ग्रंथमिती हा शब्द इंग्रजीत रुळला तो त्यानंतर दोन दशकांनी.

पण मराठी पुस्तकांच्या दृष्टीने सर्वांत मोठं संशोधन कुठल्याही विभागात झालं नाही. ते शंकर गणेश दाते यांनी केलं. १८०० पासून १९३७ पर्यंत छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांची सूची, आणि नंतर १९६१ साली आलेल्या दुसऱ्या भागात १९५० पर्यंतची. सर अलेक्झांडर ग्रांट यांनी केलेली १८६४ अखेरची देशी पुस्तकांची यादी होती, १८६७ च्या छापखाने आणि ग्रंथनोंदणी कायद्याखाली निघणाऱ्या सरकारी तिमाही याद्या होत्या. पण सरकारी यादीत सगळं येत नाही. पुस्तक गावच्या वाचनालयात असतं. दाते त्यासाठी वाचनालयांची कपाटं पालथी घालत हिंडले. आज मराठीच्या कुठल्याही प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकावर चार ओळी लिहिल्या तर त्यांच्यामागे दातेंची सूची असते. ज्या वाचनालयांनी ती पुस्तकं शंभर वर्षं वाळवीपासून राखली, त्यांचे ग्रंथपालही त्या सूचीचे भागीदार आहेत, असं मी मुलांना सांगायची. १८९३ साली ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय काढण्यात पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे हेच ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे. संग्रह आणि संशोधन तेव्हा एकाच माणसाच्या हातात होतं.

संगणक आला तो ८० च्या दशकात. युनेस्कोने केलेली सीडीएस-आयसिस ही प्रणाली दिल्लीच्या निसॅट या सरकारी माहिती-योजनेमार्फत ग्रंथालयांना मिळायची. आम्ही रात्र रात्र बसून नोंदी केल्या. मराठीची पंचाईत झाली. पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड घालता आलं तर देवनागरी दिसायची. ज्यांना ते परवडलं नाही त्यांनी मराठी शीर्षकं रोमन लिपीत टाकली. आणि इथे वर्षानुवर्षांची शिस्त विस्कटली. ‘श्यामची आई’ एका नोंदीत ‘आई’साठी दोन ए घालून, दुसरीत एकच ए घालून, तिसरीत ‘श्या’मधला एच गाळून. एकाच ग्रंथालयात तीन जागी. तालिकापत्रांच्या खणात मराठी पुस्तक अकारविल्हे सापडत होतं, ते पडद्यावर हरवलं. पुढे पुण्यातच तयार झालेलं स्लिम, विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राचं सोल आणि न्यूझीलंडहून आलेलं कोहा या संगणकप्रणालींनी युनिकोडमधली देवनागरी पचवली. पण जुन्या रोमन नोंदी अनेक ठिकाणी अजून तशाच आहेत. कुणी तरी बसून एकेक सुधारायला हवी.

याच काळात विभागांच्या पाट्यांवर ‘ग्रंथालय आणि माहितीशास्त्र’ असं आलं. संशोधनाचा ओघ वळला. ९० च्या दशकापर्यंत वाचक-पाहणी आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांचे सर्व्हे चालत. मग ग्रंथमिती, मग ई-साधनांचा वापर. बदल म्हणून मी त्याचं स्वागतच केलं. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट या ई-साधनांच्या योजनेमुळे तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी आज परदेशी नियतकालिकं वाचू शकते. २०१० नंतर आलेल्या शोधगंगेवर देशभरचे प्रबंध कुणालाही खुले आहेत. याचं मोल ज्यांनी एका प्रबंधासाठी एसटीने दुसऱ्या विद्यापीठात जाऊन हाताने उतारे काढलेत त्यांना विचारा. पण त्याच शोधगंगेवर आपल्या विषयाचे प्रबंध एका बैठकीत चाळले की मन खट्टू होतं. प्रश्नावली, टक्केवारी, वर्तुळातले रंगीत तुकडे. जिल्ह्याचं नाव बदलतं आणि शिफारशी त्याच राहतात. मुलांमध्ये कुवत नाही असं मुळीच नाही. त्यांना विषय कपाटातून मिळत नाही, आधीच्या प्रबंधातून मिळतो. हजारो वाचनालयं शेजारी असताना हे होतं, याचं मला दुःख आहे.

त्या वाचनालयांत काय आहे? मी जिथे नोकरीला लागले त्या वाचनालयाच्या माळ्यावर देवघेवीची जुनी रजिस्टरं आहेत. तारीख, वर्गणीदाराचं नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक, परतीची तारीख, सही, शेरा. दाखल रजिस्टर शेजारी उघडलं की क्रमांकावरून पुस्तक कळतं. मृगाचा पाऊस पडला की नेणाऱ्यांच्या सह्या विरळ होतात, दिवाळीनंतर पानं भरून वाहतात. वर्गणी पुरुषाच्या नावे, पण शेऱ्यात बारीक अक्षरात ‘घरून मागणी’. कुठे ‘सौ.करिता’. कुठल्या घरातून कुठली कादंबरी पुन्हा पुन्हा मागवली गेली ते नावानिशी दिसतं. मराठी बाई काय वाचत होती याचा एवढा थेट पुरावा दुसरीकडे कुठे मिळणार? वाङ्मयाच्या इतिहासात लेखक असतात, वाचक नसतात. वाचक इथे, या माळ्यावर आहेत. आणि ही रजिस्टरं दर अनुदानाच्या तपासणीनंतर, जागा नाही म्हणून, कुठल्या ना कुठल्या गावात रद्दीत जात आहेत.

निवृत्तीनंतर मी हेच काम धरलंय. मुक्त विद्यापीठाचा ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम करणाऱ्या दोघी जणी माझ्याबरोबर शनिवारी येतात. एक वाचते, दुसरी लॅपटॉपवर चढवते, मी अक्षर लावते. मोडी वळणाची नोंद आली की काम थांबतं आणि मग मी त्यांना मोडी शिकवते, त्या निमित्ताने दोघींनाही बाराखडी येऊ लागली आहे. दाखल रजिस्टरातली १९५० पर्यंतची प्रत्येक नोंद आम्ही दातेंच्या सूचीशी ताडतो. बहुतेक सापडतात. काही सापडत नाहीत: स्थानिक छापखान्यात छापलेली कीर्तनाची आख्यानं, जातिपरिषदेचा अहवाल, शेतकी खात्याच्या प्रदर्शनाची पुस्तिका, एका शिक्षिकेने लिहिलेलं पाककृतींचं चोपडं. त्यांतली काही पुस्तकं कपाटात अजून आहेत, मुखपृष्ठ गेलेलं पण नामपान शाबूत. अशा प्रत्येकाचं नामपान आम्ही फोटो काढून ठेवतो, प्रकाशक, मुद्रक आणि वर्ष उतरवून घेतो. पावसाळा संपला की शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाने माळा उघडून द्यायचं कबूल केलंय. तिथली रजिस्टरं १९१० पासूनची आहेत असं त्यांचे ग्रंथपाल सांगतात. त्यातलं पहिलं मी मागवूनही ठेवलंय.